धायटीचे दिवस, पिशवीची कळ

यंदा धायटी लवकर फुलली. मुकुटबनच्या रस्त्याला लागलो तशी दोन्ही बाजूंची झुडपं लालेलाल दिसायला लागली आणि मागच्या सीटवरून एका पोट्टीनं विचारलं, "मॅडम, हेच का ते?" हेच. पानं धुळीनं माखलेली, फांद्या वाकलेल्या, आणि त्या फांद्यांच्या अंगालाच चिकटून फुलांचे झुबके. दरवर्षी माघ लागला की मी माझ्या कॉलेजच्या मुलींना घेऊन इकडे येते. सोबत कात्र्या, कापडी थैल्या, पाण्याच्या बाटल्या, आणि एकीच्या डब्यात सगळ्यांना पुरेल इतकी भाकरी अन् ठेचा.

"पण हे कशावर चालते, मॅडम?"

मी सांगितलं, "पाळीत पोट दुखतं ना, त्यावर चालतं म्हणतात. खरंच चालतं का, ते आपण बघतोय." एकीनं ड्रायव्हरकडे पाहिलं, दुसरीनं उगाच ओढणी सारखी केली. ड्रायव्हर बिचारा पन्नाशीचा, तीन लेकींचा बाप, तो आपला खड्डे चुकवत होता. मी मुद्दाम परत म्हटलं, जरा मोठ्यानं. पाळीत पोट दुखतं, त्यावर. फार्मसी शिकायला निघालेल्या मुली, उद्या काउंटरच्या मागे उभ्या राहून लोकांना औषधं देणार, आणि या एका शब्दाला यांची मान खाली. मला अशा वेळी राग येतो. तो मी आता लपवत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही फारसा लपवत नव्हते.

तेव्हा म्हणजे ज्या वर्षी मी स्वतः या फुलांच्या मागे लागले होते त्या वर्षी. एम. फार्मचं दुसरं वर्ष, यवतमाळ, हॉस्टेलची पत्र्याची खोली. थंडी सकाळपुरती उरलेली, दुपारी ऊन चटकायला लागलेलं. गावभर बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस, गळ्यात ओळखपत्रं अडकवून पोरं-पोरी जर्नलं छातीशी धरून हिंडायची. रस्त्यानं कापसाच्या गाड्या सरकी काढायला जिनकडे जायच्या आणि त्यातून उडालेली रुई बाभळीच्या काट्यांना लटकून राहायची. मी हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जुन्या चादरीवर, मागच्या वर्षीची संपत आली म्हणून, नवी धायटी वाळत घातली होती. वाळलेल्या धायटीला एक तुरट, थोडा मधाळ, थोडा आंबूस वास येतो. कपड्यांना लागला की धुतल्यावरही जात नाही. वैद्य लोक आसव-अरिष्टासारखी औषधं आंबवायला हीच फुलं टाकतात. गावोगाव अंगावरून जास्त जायला लागलं की बायका हिचा काढा घेतात. आमच्या मायनं घेतला होता, तिच्या मायनंही घेतला होता. बरं वाटलं का, असं विचारलं की दोघी म्हणायच्या, "वाटलं थोडंसं."

त्या थोडंसंचा मला राग यायचा. किती थोडंसं? कशामुळं? काढ्यामुळं, की घटकाभर पडून राहिल्यामुळं? पडून तरी कुठं राहायच्या म्हणा.

आमचं घर दारव्ह्याचं, बौद्ध. आजोबा दीक्षा घेऊन आले तेव्हा घरातलं पुष्कळ काही एका फटक्यात गेलं, असं बाबा सांगायचे. त्यात पाळीच्या बाईनं बाजूला बसणंही गेलं. या गोष्टीचा मला भारी अभिमान. हॉस्टेलवरची माझी रूममेट ते चार दिवस स्वतःचा ग्लास वेगळा ठेवायची, चटई वेगळी टाकायची, तेव्हा मी तिची यथेच्छ टर उडवायची. मग एकदा तिनंच विचारलं, "तुमच्याकडे मग काय म्हणतात, दुखलं तर?" आमच्याकडे काहीच म्हणत नसत. आमच्या घरानं बाजूला बसणं सोडलं होतं, गप्प बसणं सोडायचं राहूनच गेलं होतं. माझी मोठी बहीण, ताई, पोटाशी उशी दाबून भिंतीला टेकलेली असायची, चेहरा राखेसारखा. बाबा विचारायचे काय झालं, आणि माय म्हणायची, "काई नाई, डोकं दुखते तिचं." आमच्या घरात पोरींची डोकी दर महिन्याला दुखायची. बाबा पाव मिनिट उभे राहायचे, मग बाम आणून द्यायचे.

ताईचं लग्न लवकर झालं, दिग्रसला दिलं तिला. दोन लेकरं झाली. लग्न झालं की थांबते म्हणाले होते, थांबलं नाही. लेकरं झाली की थांबते म्हणाले होते, तेव्हाही थांबलं नाही, उलट वाढलं. ती जिनिंगमध्ये कामाला जायची. गाडीतून उतरलेल्या कापसातली कवडी, म्हणजे किडका डागाळलेला कापूस, आणि पाला निवडून काढायचा. दिवसभर वाकून. ते दिवस आले की तशीच वाकायची, कारण जिनाचा हंगाम तीन-चार महिन्यांचा आणि खाडा केला की मुकादम दुसरी बाई उभी करायचा.

मी जो विषय घेतला तो तिच्यामुळं घेतला. उगाच आडवळणानं कशाला सांगू.

आमचे गाइड सर माणूस चांगले. वकिली, शिक्षकी, हापिसं करत आलेल्या जुन्या घरातले, बोलणं मऊ, शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही. विषय कागदावर लिहून नेला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे त्या तक्रारीवर, नाही का," ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी पाळी हा शब्द एकदाही उच्चारला नाही. 'ती तक्रार', 'तो त्रास', फारच झालं तर 'आपला विषय'. मग म्हणाले, "प्रयोगाला नर उंदीर घ्या."

"कशासाठी सर?"

"माद्यांचं चक्र असतं ना. आज एक आकडा येतो, परवा दुसरा. सगळं हलतं. नर कसे, एकसारखे असतात. पोटात सौम्य ॲसिडचं इंजेक्शन द्यायचं, कळा मोजायच्या. तुमच्या अर्कानं कळा कमी झाल्या की लिहायचं, त्या तक्रारीवर उपयोगी पडू शकेल. सगळे असंच करतात."

"पण सर, नराला पिशवी कुठून आणू?"

दारात प्राण्यांच्या खोलीचे राठोडकाका चावी घेऊन उभे होते. ते एकदम पाठ करून कडीशी खटपट करायला लागले. सर लाल झाले. मीही झाले असेन, पण मी मागे हटले नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय हे सरांना कळायला वेळ लागला नाही, आमच्या भागात तिला सगळे पिशवीच म्हणतात.

हे एकट्या सरांचं खूळ नव्हतं, हे मला नंतर कळलं. लायब्ररीत बसून जुने शोधनिबंध चाळायला लागले. विषय बाईच्या पोटाचा, शीर्षकात बाईचं दुखणं, आणि आत बघावं तर नर, नर, नर. का, तर मादीचं शरीर दिवसागणिक बदलतं, त्यानं हिशोब बिघडतो. अरे पण तेच तर दुखणं आहे. जिचं शरीर बदलतं तिलाच दुखतं, आणि ती बदलते म्हणून तिलाच दाराबाहेर उभं करायचं. हे तर माझ्या रूममेटच्या वेगळ्या ग्लासासारखंच झालं, फक्त इथं इंग्रजीत लिहिलेलं होतं. त्या दुपारी मी लायब्ररीतून उठले ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. माद्याच घेणार, असं मी म्हटलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती विचारेल त्याचं उत्तर मी देईन म्हणाले. सर म्हणाले, "तुमचा हट्ट. मुदतीत झालं नाही तर माझ्याकडे येऊ नका." सही मात्र केली त्यांनी.

हट्टाची किंमत मोजावी लागतेच. माद्या घ्यायच्या तर रोज सकाळी प्रत्येकीचं चक्र कुठं आलंय ते बघायला लागतं. थेंबभर मिठाचं पाणी योनीत सोडायचं, परत ओढायचं, काचेवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. उंदरीचं चक्र चार-पाच दिवसांचं. काचेवरच्या पेशी बघून आज हिचा कोणता दिवस ते कळतं. प्राण्यांच्या खोलीत भुशाचा, खाद्याच्या कांड्यांचा आणि मुताचा मिळून एक उग्र गरम वास. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं, नंतर त्या वासाशिवाय सकाळ झाली असं वाटेना. राठोडकाका पिंजरे उघडून एकेकीला माझ्या हातात द्यायचे. ते बंजारा, घरी गोर बोली बोलणारे. या माद्यांना ते 'याडी' म्हणायचे. "आमच्यात मायले याडी म्हनते, म्याडम," त्यांनी सांगितलं. "तुमी यायले रोज सकाळी इचारता, आज तबेत कशी हाय म्हून. माह्या घरच्या बाईले मी तीस वर्षांत नाई इचारलं."

मी म्हटलं, "मंग आज इचारा."

ते हसले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, इचारलं का? तर म्हणाले, "इचारलं. थे म्हने, काय पाह्यजे तुमाले?"

आता प्रयोग काय होता ते सांगते. उंदरीला काही दिवस इस्ट्रोजेन द्यायचं, म्हणजे तिची पिशवी कळांसाठी तयार होते. मग काहींना धायटीचा अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी, काहींना दुकानात मिळते ती दुखण्याची गोळी. आणि मग ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ऑक्सिटोसिन आमच्याकडे सगळ्यांना माहीत. बाळंतपणात कळा येईनात की देतात, आणि काही गवळी चोरून म्हशीला टोचतात, पान्हा सुटावा म्हणून. थोडा वेळ जातो. मग ती उंदरी थबकते. पोट आत ओढते, कमर खाली दाबते, मागचा एक पाय लांब ताणते. याला एक कळ म्हणायचं. ठरलेल्या वेळात अशा किती येतात ते बघायचं.

ही कळ मीच दिलेली असायची. हे गोड करून सांगायचं मला जमत नाही. बाईचं दुखणं कमी करायला निघालेली मी दुसऱ्या मादीला दुखवत बसायची, आणि प्रयोग संपला की तिला रीतसर, जितका कमी होईल तितका त्रास देऊन, मारावं लागायचं. पहिल्या दिवशी मी जेवले नाही. कुणी म्हणेल, एवढं वाईट वाटत होतं तर सोडून द्यायचं. नाही सोडलं. कारण मी नाही केलं तर कुणीतरी नरांवर करून चार ओळींत विषय मिटवणार होतं, आणि त्या ओळी वाचून कुणाच्याच पोटाला काही होणार नव्हतं. दुखवायचंच तर निदान खऱ्या प्रश्नासाठी दुखवावं असं मी ठरवलं. आजही मुलींना हेच सांगते, आणि रडू आलं तर रडा म्हणते.

मारल्यावर पिशवी काढायची. उंदरीची पिशवी दोन शिंगांची असते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. त्यातल्या एका शिंगाचा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात दोऱ्यानं टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. आणि तो तुकडा एकटाच, अंगापासून तुटलेला, कुणी न सांगता आवळायला लागतो. आवळतो, सुटतो, आवळतो. दोऱ्याला जोडलेली सुई वरखाली होते आणि कागदावर डोंगर उमटत जातात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्चीतून उठून उभीच राहिले. डोकं दुखते तिचं म्हणणारी माय आठवली. इथं डोकं नव्हतंच. मनाचे खेळ नव्हते, नाजूकपणा नव्हता, कामाचा कंटाळा नव्हता. नुसती पिशवी होती आणि ती आवळत होती. मग मी पाण्यात धायटीचा लालसर अर्क सोडला. डोंगर हळूहळू बुटके झाले. सपाट नाही झाले, बुटके झाले. मी राठोडकाकांना हाक मारून दाखवलं.

अशातच एका रविवारी ताई आली. दिग्रसहून सकाळच्या एसटीनं, न सांगता, सरळ कॉलेजवर. प्राण्यांना रविवार नसतो, म्हणून मी तिथंच होते. तिच्या केसांत रुईचे तंतू अडकलेले, डोळ्यांखाली काळं. सोनोग्राफीचे कागद थैलीत, तशीच ती दारात उभी राहिली. काकांनी तिला स्टूल दिलं. माझ्यासमोर त्या वेळी एक उंदरी कळा देत होती. ताई टक लावून बघत बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "हिचं माह्यावाणीच होते व."

मी वहीत आणखी एक कळ लिहिली.

"हे लाल पाणी काय हाय?"

"धायटीचा अर्क. थोडा फरक पडते यानं."

"मले दे."

"कायले?"

"प्याले. अजून कायले? डॉक्टर पिशवी काढाले सांगून राह्यला. होळीच्या आधी काढून टाकू म्हने, संग बाकीचं बी काढू. जिनातल्या कितीक बायाईची निंघाली. कटकट जाते म्हंते." तिनं बाटलीकडे बोट केलं. "तुह्या उंदराईले फरक पडते तं मले नाई पडनार का?"

ताई तेव्हा एकतीस वर्षांची होती.

मी तिला सांगितलं, उंदरावर चालते म्हून माणसावर चालनच असं नाई. किती द्याचं ते माईत नाई, लिव्हरले काय होते ते माईत नाई, तू रोज काय काय गोळ्या खाते ते बी मले माईत नाई. ती ऐकत होती, पण तिला ऐकू येत नव्हतं. मग ती उठली.

"उंदराची कळ दिसते तुले, शीतल," ती म्हणाली. "माही नाई दिसत."

आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही. काका तिच्यामागे फाटकापर्यंत गेले, ती थांबली नाही.

मी तिला अर्क दिला नाही. आजही देणार नाही. लोकांना वाटतं झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी. धोतराही झाडच आहे. माझ्याकडे येऊन कितीतरी जण म्हणाले, मॅडम पावडर करा, डबीत भरा, बायका रांगा लावतील. लावतील ना. दुखण्यानं बेजार झालेली बाई कशाच्याही रांगेत उभी राहते, म्हणून तर तिला काहीही देऊन चालत नाही. पण ताईचं ते वाक्य मला लागलं ते लागलंच. कारण 'नाही' म्हणून हात झटकायचे आणि परत उंदरांकडे वळायचं, एवढंच केलं असतं तर ती खरी ठरली असती.

मी तिला फोनवर फोन केले. ती उचलेना. तिसऱ्या दिवशी उचलला. मी म्हटलं, ताई, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात चल, एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मग काढ हवी तर. ती म्हणाली खाडा होईल. मी म्हटलं पिशवी काढली तर महिनाभराचा होईल. मग म्हणाली, "येतो. पन बोलाचं तूच. मले नाई बोलता येत थ्या गोष्टी."

सरकारी दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. बाकावर बाया, बायांच्या मांडीवर लेकरं, भिंतीवर पंखा नुसता आवाज करणारा. डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या, डोळे थकलेले. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि ताईकडे वळल्या. "दुखतं तेव्हा कसं दुखतं? मला दाखवा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच उठली आणि दाखवलं. दोन्ही मुठी ओटीपोटात दाबल्या, कमरेतून मोडली, एक पाय ताणला. पंधरा-सोळा वर्षं दुखत होतं तिचं आणि तोवर कुणीही तिला हे विचारलं नव्हतं. आम्ही घरातल्यांनीही नाही. ती उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मग ती बोलायलाच लागली. शौचाला बसताना दुखतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, मांडीत उतरतं, सगळं.

तपासून, कागद बघून त्यांनी समजावलं. पिशवीच्या आत अस्तर असतं, दर महिन्याला तेच गळून जातं. काही बायकांत तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर, भलत्या जागी वाढतं. तेही दर महिन्याला रक्त सोडतं, पण त्याला जायला वाट नसते. "पिशवी काढून हे जाईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "आणि अंडाशयंसुद्धा काढणार म्हणतात, ती या वयात काढली तर हाडं, काळीज, सगळ्यावर परिणाम होतो. आधी गोळ्या घेऊ. चालतात का पाहू. ऑपरेशन कधी लागणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ते शेवटी." मग म्हणाल्या, "ठरवायचं मात्र तुम्ही."

बाहेर आल्यावर ताईनं मला दोनदा विचारलं, "तिनं मले इचारलं ना? तुले नाई?" मी म्हटलं, हो, तुलाच.

माझे प्रयोग तोवर आटोपत आले होते. निकाल मी चाळून चाळून पाहिले. अर्कानं कळा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मात्रा जास्त तेव्हा बऱ्यापैकी कमी, थोडी तेव्हा जवळजवळ काहीच नाही. दुकानातली गोळी धायटीच्या पुढेच राहिली. आता मायच्या थोडंसंला माझ्याकडे एक उत्तर होतं, तेही फक्त उंदरांपुरतं. फार मोठं नव्हतं, पण खरं होतं. सेमिनारला बाहेरून एक परीक्षक आले होते. मी पहिल्याच वाक्यात म्हटलं, पाळीच्या वेळी पिशवीत येणाऱ्या कळांवर मी काम केलं. मराठीतच म्हटलं. समोरच्या रांगेत खुर्च्या करकरल्या. शेवटी परीक्षक म्हणाले, "काम ठीक आहे. विषय जरा नाजूक आहे."

"नाजूक नाही सर," मी म्हटलं. "दुखणारा आहे."

मागून कुणीतरी हसलं. सर खाली बघत होते. बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, नर घेतले असते तर तुमचं दिवाळीतच आटोपलं असतं. मी म्हटलं, आटोपलं असतं सर, पण खोटं झालं असतं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, ते मला कळलं नाही. आता माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, बाईच्या दुखण्यावर काम करायचं तर मादीवर करायचं, वेळ लागला तर लागू द्या. सोबतचे काही जण मला चिडवतात, कॉलेजात माझं एक टोपणनावही पडलंय. पडू दे.

होळी आठवड्यावर आली तेव्हा त्या खाजगी डॉक्टरनं ताईला दिवस पक्का करायला बोलावलं. मी सकाळच्या एसटीनं दिग्रसला गेले. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एका पाळीला थोडं हलकं गेलं होतं, पण एकाच. त्यावर काय सांगणार? माय आदल्या दिवशीच दारव्ह्याहून आली होती, लेकरांजवळ बसायला. काढून टाक म्हणणाऱ्यांत ती पहिली. "माही काढली, काय झालं मले?" असं ती गुडघा चोळत म्हणाली. भाऊजी म्हणजे ताईचे मालक वाईट माणूस नाहीत, पण त्यांनाही रोजच्या कण्हण्याचा वैताग आला होता. जिनातल्या बाया सांगत होत्या, निंघाली की सुटली. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एक थकलेली डॉक्टरीण आणि उंदरं पाळणारी बहीण. दवाखान्याकडे चालत जाताना मी ताईला विचारलं, काय ठरवलं? तर म्हणाली, "चाल तं खरी." तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं हो म्हटलं असतं तर मी तिला अडवू शकले नसते. अडवायचा मला हक्कही नव्हता.

केबिन छोटी होती. डॉक्टर घाईत होते. ताई आणि मी खुर्च्यांवर, भाऊजी मागे उभे. डॉक्टरनं कागद पाहिले आणि ताईच्या डोक्यावरून मागे बघत विचारलं, "मग काय, गुरुवारी करून टाकू ना? उपाशीपोटी आणा सकाळी."

भाऊजी म्हणाले, "तुमी म्हनता तसं, साहेब."

"त्याईले काहून इचारता?" ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, जिनात शेजारणीशी बोलावं तसा साधा. "पिशवी माही हाय."

डॉक्टर हसले. "अहो, घरच्यांना विचारावंच लागतं. आणि त्रास तर तुम्हालाच होतो ना?"

"होते. भल्ली कळ येते. अस्तर भलत्या जागी वाढते म्हून येते. पिशवी काढून थे जाईनच असं नाई. अन् बाकीचं काढलं तं हाडं जातीन माही. गोळ्या सुरू हाय मले. मले नाई काढाची."

भाऊजींनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथंच थांबले.

"दुखत राहील मग," डॉक्टर म्हणाले.

"राह्यलं तं राह्यलं. दुखलं की सांगन मी. घरी सांगन, मुकादमाले सांगन, तुमाले बी येऊन सांगन. पोट दुखते म्हून सांगन, डोकं नाई." मग एकदा मागे वळून तिनं भाऊजींकडे पाहिलं. "अन् शेवटी काढाचीच पडली तं तवा बी मलेच इचारा लागन."

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं, कागद गोळा करून तिच्यापुढे सरकवले. "घाई नका करू, बाई. घरी जा, शांत बसा, नीट विचार करून या."

ताईनं कागद घेतले, पदर कमरेला खोचला आणि उठली.

"इचार करूनच आली," ती म्हणाली.